पहिल्यांदाच ट्यूना धरायला खोल समुद्रात जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघे मित्र पहिल्यांदाच चार्टर (म्हणजे कॅप्टनसह भाड्याची) बोट घेऊन खोल समुद्रात ट्यूना धरायला जाणार आहेत. दोघांनी तलावावर थोडंफार गरवलंय, दोघांनी रॉड कधी हातात घेतलेला नाही, आणि एकाला बसमध्येसुद्धा मळमळतं. रॉड-रील कोणतं घ्यावं, कोणत्या महिन्यात जावं आणि ट्रिप अर्ध्या दिवसाची घ्यावी की पूर्ण दिवसाची, हे त्यांना विचारायचंय.

रॉड-रीलचं उत्तर सोपं आहे: काहीही विकत घेऊ नका. चार्टरवर सामान बोटीचं असतं आणि पहिल्या ट्रिपला तेच बरं. त्या रीलवरची लाइन, प्रत्येक गाठ, प्रत्येक गळ तिथल्या खलाशानं स्वतः बांधलेला असतो आणि कुठे किती ताण चालेल हे त्याला ठाऊक असतं. तुमच्या हातात असतं ते वेगळंच: कोणाबरोबर जायचं, कोणत्या दिवशी जायचं आणि बोटीवर चढताना अंगात किती त्राण असायला हवं. मी आधी खलाशी म्हणून आणि नंतर कॅप्टन म्हणून चार्टर बोटींवर काम केलंय. ज्या पहिल्या ट्रिपा फसताना पाहिल्या, त्यांतल्या बहुतेक मासा नव्हता म्हणून फसल्या नाहीत. त्या धक्का सोडण्याआधीच फसल्या होत्या.

आधी अंतराचं गणित करा, कारण अर्धा दिवस की पूर्ण दिवस याचं उत्तर त्यातच आहे. मोठा ट्यूना सहसा किनाऱ्याजवळ फिरकत नाही. समुद्राचा उथळ तळ साधारण २०० मीटरच्या आसपास एकदम खाली उतरतो. ती कड, त्यातल्या दऱ्या, बुडालेले डोंगर आणि गरम-गार पाण्याच्या सीमा ही ट्यूनाची ठिकाणं. हवाईतल्या कोनासारख्या ज्वालामुखीच्या बेटावर धक्का सोडल्यावर थोड्याच वेळात बोट खोल पाण्यावर असते, त्यामुळे तिथे अर्ध्या दिवसाच्या ट्रिपलाही अर्थ आहे. उलट न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडून हडसन कॅनियन या समुद्रतळातल्या दरीकडे जायचं तर शंभरेक मैलांची वाट आहे. समजा मासा ६० सागरी मैलांवर आहे आणि बोट २० नॉटनं, म्हणजे तासाला २० सागरी मैलांनी, धावते. म्हणजे जायला तीन तास, यायला तीन. बारा तासांच्या ट्रिपमध्ये गळ पाण्यात राहतो सहा तास. तीच ट्रिप आठ तासांची घेतली तर दोनच तास उरतात आणि पैसे बहुतेक प्रवासाचेच जातात. म्हणून 'ट्रिप किती तासांची' हे विचारू नका, 'गळ पाण्यात किती तास असेल' हे विचारा. ज्या बंदरातून खोल पाणी लांब आहे तिथे अर्ध्या दिवसाची 'ट्यूना ट्रिप' कोणी विकत असेल, तर नेमका कोणता मासा धरायला नेणार ते आधी स्पष्ट करून घ्या.

मासा कोणता, यावर सगळा खेळ बदलतो. ट्यूनाच्या जातींपैकी स्किपजॅक आणि अल्बाकोर हे हलक्या सामानावर धरता येणारे, नवख्याला भरपूर आनंद देणारे मासे. यलोफिन दहा किलोचाही भेटतो आणि ऐंशी किलोचाही. गळावरचा विक्रमी यलोफिन १९३ किलोच्या वर होता. ब्लूफिन ही तर वेगळीच जात. १९७९ साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात गळाला लागलेला ६७९ किलोचा ब्लूफिन आजही विक्रम धरून आहे. पहिल्या ट्रिपला राक्षसी ब्लूफिनच्या मागे लागू नका असं मी सांगेन. दिवसभर एका दंशाची वाट बघायची, आणि तो आलाच तर चौघांपैकी तिघांनी नुसतं बघत राहायचं. मध्यम यलोफिन किंवा अल्बाकोरचा थवा सापडला तर चौघांच्याही हातात रॉड येतो.

महिना कॅलेंडर बघून ठरत नाही, तो पाण्यावरून ठरतो. यलोफिनला कोमट पाणी लागतं, साधारण २० अंशांच्या वरचं. अल्बाकोरला त्याहून गार चालतं. कॅप्टन लोक उपग्रहाचे तापमानाचे नकाशे रोज बघतात आणि गरम पाणी गार पाण्याला जिथे भिडतं ती रेघ शोधतात. त्या रेघेवर बारीक मासळी अडकते आणि तिच्यामागे ट्यूना येतो. म्हणून बंदर एकदा ठरलं की तिथल्या दोन-तीन कॅप्टनांना एकच विचारा: 'तुम्हाला स्वतःच्या घरच्यांना घेऊन जायचं असतं तर कोणता पंधरवडा निवडला असता?' तिघांची उत्तरं जुळली तर तो पंधरवडा धरा.

आता कॅप्टन. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगतो, कारण बाकीचं बरंचसं त्याच्याच हातून नीट होतं. नुसत्या मेसेजवर बुकिंग करू नका, फोन करा. सरळ सांगा की आम्ही नवखे आहोत, चौघांपैकी दोघांनी रॉड धरलेला नाही, एकाला बोट लागते. पुढच्या दोन मिनिटांत माणूस कळतो. चांगला कॅप्टन उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो: वयं काय, कोणाची पाठ दुखते का, मासा घरी न्यायचाय का, नुसता मोठा मासा हवाय की सगळ्यांना मजा हवीय. जो पहिल्या वाक्यातच 'मासा नक्की मिळवून देतो' म्हणतो त्याला नमस्कार करून फोन ठेवा. समुद्रावर नक्की असं काही नसतं, हे त्यालाही माहीत आहे.

गेल्या पंधरा दिवसांतले तारखेसह फोटो मागा. दोन वर्षांपूर्वीचा भिंतीवरचा मासा कामाचा नाही. ट्यूना मिळाला नाही तर दुसरा काय बेत असतो, हेही विचारा. आणि माझा आवडता प्रश्न: 'गेल्या मोसमात हवेमुळे किती ट्रिपा रद्द केल्या?' ज्याचं उत्तर 'एकही नाही' असेल त्याच्या बोटीवर मी माझ्या माणसांना पाठवणार नाही. ट्रिप रद्द केली की कॅप्टनचं त्या दिवसाचं उत्पन्न बुडतं. तरीही जो रद्द करतो, त्याला माणसांची किंमत कळते.

परवाना आणि विमा याबद्दल विचारायला संकोचू नका. सगळ्यांच्या मापाची लाइफ जॅकेट, तराफा, चॅनल १६ वर (संकटाच्या हाकेसाठीचा चॅनल) ऐकणारा व्हीएचएफ रेडिओ आणि ४०६ मेगाहर्ट्झचा ईपीआयआरबी हे सगळं आहे का, ते विचारा. ईपीआयआरबी म्हणजे बोट बुडाली तरी उपग्रहाला ठिकाण कळवणारं यंत्र. किनाऱ्यापासून साठ मैलांवर मोबाइलचा उपयोग फोटो काढण्यापुरता असतो. चांगला कॅप्टन हे सगळं न कंटाळता दाखवतो, आणि निघण्याआधी कोणती वस्तू कुठे आहे ते स्वतःहून सांगतो.

पैशांचं बोलणंही याच फोनवर पूर्ण करा. डिझेल आणि आमिष धरून किंमत आहे का? हवेमुळे रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख? कॅप्टननं रद्द केली आणि तुम्ही रद्द केली, यात काय फरक? खलाशाला बक्षिसी द्यायची पद्धत आहे का? बऱ्याच ठिकाणी त्याची निम्मी कमाई तीच असते. आणि मासा कोणाचा? हा प्रश्न लोक हमखास विसरतात. हवाईत कित्येक चार्टरवर मोठा मासा बोटीचा असतो, पाहुण्याला त्यातला वाटा मिळतो. दुसरीकडे सगळा मासा तुमचा. धक्क्यावर परतल्यावर यावरून तोंडं कडू होतात, म्हणून आधीच विचारलेलं बरं.

कायदाही माहीत असावा. किती मासे आणि किती लांबीचे ठेवता येतात हे जागेप्रमाणे आणि जातीप्रमाणे बदलतं. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर हौशी गरवणाऱ्याला यलोफिन माणशी दिवसाला तीन आणि २७ इंचांच्या वरचेच ठेवता येतात. ब्लूफिनची मर्यादा तर मोसमाच्या मध्येही बदलते. २०२१ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं अटलांटिक ब्लूफिनला धोक्यातल्या यादीतून बाहेर काढलं. अनेक वर्षं धरण्यावर कडक मर्यादा घातल्या, त्याचं हे फळ आहे. दक्षिणी ब्लूफिन मात्र अजून धोक्यात आहे. कॅप्टन 'हा सोडायचा' म्हणाला की वाद न घालता सोडा.

तारीख ठरवताना दोन राखीव दिवस ठेवा. शुक्रवारी पोहोचायचं, शनिवारी समुद्रात, रविवारी परत, असा घट्ट बेत आखला की वाईट हवेतही 'जाऊच या' असा आग्रह सुरू होतो आणि तो कॅप्टनवर येतो. अंदाज बघताना नुसती लाटेची उंची बघू नका, दोन लाटांमधले सेकंदही बघा. दीड मीटरची लाट दहा सेकंदांनी येत असेल तर बोट झोपाळ्यावर असल्यासारखी वरखाली होते. तीच दीड मीटर पाच सेकंदांनी येत असेल तर प्रत्येक लाट आदळते आणि संध्याकाळपर्यंत मणके बोलायला लागतात. अंदाजात दिलेली उंची ही सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते, हे धरूनच चालायचं. नवख्यांच्या पहिल्या ट्रिपला वारा १५ नॉटच्या खाली असावा असं माझं मत आहे. वारा प्रवाहाच्या उलटा वाहत असेल तर त्याहूनही कमी.

आता ज्याला बसमध्ये लागतं त्याच्याबद्दल. त्याला घरी ठेवायची गरज नाही, पण तयारी आदल्या रात्री सुरू झाली पाहिजे. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. मेक्लिझिन किंवा डायमेनहायड्रिनेटसारखी गोळी आदल्या रात्री आणि पुन्हा निघण्याआधी तासभर, असं बरेच जण घेतात. कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅच निदान चार तास आधी लावावा लागतो. काचबिंदू, प्रोस्टेट, गरोदरपण, इतर औषधं यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको. आणि औषध घरी एकदा घेऊन बघा: कोणाला इतकी झोप येते की रॉड धरवत नाही. आदल्या रात्री दारू नाही, पुरेशी झोप, सकाळी हलकं खाणं. रिकाम्या पोटी अधिक लागतं.

बोटीवर त्यानं बाहेर, मध्यापासून थोडं मागे बसावं, जिथे हेलकावा सगळ्यात कमी असतो आणि डिझेलचा धूरही येत नाही. नजर क्षितिजावर. मोबाइल खिशात. केबिनमध्ये जाऊन आडवं व्हावंसं वाटेल, पण आत बसल्यानं ते वाढतंच. उलटी झालीच तर वाऱ्याच्या खालच्या बाजूनं, कठडा घट्ट धरून; टॉयलेटमध्ये नाही, कारण तिथे हवा नसते आणि बाहेर काही झालं तर कोणाला दिसत नाही. आणि एक गोष्ट चौघांनी आदल्या दिवशी बोलून ठरवा: कोणी फारच आजारी पडला तर परतायचं का? स्वतंत्र बोट घेतली असेल तर हा निर्णय तुमचा असतो. अनोळखी लोकांबरोबरच्या सामायिक बोटीवर एकासाठी परतत नाहीत. म्हणूनच ज्या गटात लागणारा माणूस आहे त्यानं पहिल्या ट्रिपला सामायिक बोट घेऊ नये. सामायिक बोट स्वस्त पडते हे खरं, पण तिथे लाइनी एकमेकांत गुंततात आणि नवख्याला शिकवायला खलाशाला वेळ नसतो.

रॉड न धरलेल्या दोघांसाठी घरी करता येईल असा एक सराव आहे. ८० पौंडांच्या, म्हणजे ३६ किलो ताण सोसणाऱ्या लाइनवर ड्रॅग (रीलचा ब्रेक, ज्या ताणाला लाइन सुटू लागते तो) साधारण पाव भाग ठेवतात, म्हणजे नऊ किलो. स्प्रिंगचा काटा दाराच्या कडीला अडकवा, त्याला दोरी बांधा आणि काट्यावर नऊ किलो दिसेपर्यंत ओढून धरा. आता तसेच उभे राहा, गुडघे थोडे वाकवून, पाठ ताठ ठेवून. हाताच्या बळावर दोन मिनिटांत दमाल. वजन मांड्यांवर घेऊन किंचित मागे रेललात तर बराच वेळ टिकाल. बोटीवर कमरेला पट्टा आणि हार्नेस मिळतो, तो मागून घ्या आणि मासा लागण्याआधीच आपल्या मापाचा करून ठेवा. मासा पळत असताना पट्ट्याची बक्कलं जुळवणं फार अवघड जातं.

मासा लागतो तो दोन प्रकारे. बोट सहा ते नऊ नॉटनं चालवून मागे आमिषं ओढत नेतात, तेव्हा अचानक रील किंचाळतं. त्या वेळी ओरडाआरडा न करता खलाशी सांगेल तोच रॉड घ्या. कॅप्टन बोट लगेच थांबवणार नाही, कारण ट्यूना थव्यानं फिरतो आणि पुढच्या काही सेकंदांत दुसरा, तिसरा लागायची शक्यता असते. दुसरा प्रकार मला अधिक आवडतो. बोट वाहती सोडून मासळीचे तुकडे एकेक करून पाण्यात टाकायचे आणि त्यातल्याच एका तुकड्यात गळ लपवायचा. इथे सगळी कला लाइन सैल ठेवण्यात आहे. गळाचा तुकडा बाकीच्या तुकड्यांइतक्याच वेगानं बुडायला हवा. लाइन जरा ताणली गेली की तो तुकडा वेगळा दिसतो आणि ट्यूनाची नजर तीक्ष्ण असते. रीलवरून हातानं थोडी थोडी लाइन ओढून सोडत राहायचं. मग एकदम ती बोटांतून पळायला लागते. झटका मारायचा नाही. मनात तीन आकडे मोजा, ड्रॅगचा दांडा सावकाश रीलवरच्या 'स्ट्राइक' या खुणेपर्यंत पुढे न्या आणि रील फिरवा. टोक आत वळलेला गोल गळ वापरतात, तो तोंडाच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. झटका दिला तर तो तोंडातून निसटून येतो.

पहिली धाव अडवू नका. शंभर, दोनशे मीटर लाइन जाईल, जाऊ द्या. रीलला हात लावू नका, ड्रॅग वाढवू नका, आणि लाइन कधीही, कुठल्याही कारणानं हाताला गुंडाळू नका, बोटं तुटतात. धाव संपली की रॉड थोडासा वर उचला, खाली आणताना दोन-तीन फेरे गुंडाळा, पुन्हा थोडासा. लांबलचक झोके देणारा लवकर दमतो आणि खाली आणताना लाइन सैल पडते. मासा बोटीखाली घुसला तर रॉडचं टोक पाण्यात खुपसून खलाशी नेईल तसे बोटीच्या मागून फिरा.

शेवटी ट्यूना बोटीखाली उभ्या रेषेत गोल गोल फिरायला लागतो. इथेच नवखे हरतात, कारण एक हातभर लाइन मिळवायची आणि तेवढीच गमवायची असं चालू राहतं. रॉडच्या टोकाकडे बघा. फेऱ्याच्या अर्ध्या भागात तो बोटीपासून दूर जातो, तेव्हा नुसतं धरून ठेवा. अर्ध्या भागात त्याचं तोंड तुमच्याकडे वळतं आणि टोक किंचित हलकं होतं, तेव्हा गुंडाळा. प्रत्येक फेऱ्याला थोडं थोडं. खलाशानं लीडर (गळाजवळचा लाइनचा जाड तुकडा) हातात घेतला की तुम्ही रील फिरवणं थांबवून एक पाऊल मागे या आणि तो सांगेल तसा ड्रॅग ढिला करा, म्हणजे मासा पुन्हा पळाला तर लाइन तुटणार नाही. रॉड दुसऱ्याच्या हातात द्यायचा असेल तर खुशाल द्या. इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या नियमानं तो मासा मग विक्रमात धरत नाहीत, पण पहिल्या ट्रिपला विक्रमापेक्षा खांदा महत्त्वाचा.

मासा वर आल्यावरची दहा मिनिटं माझ्या लेखी लढाईइतकीच मोलाची आहेत. ट्यूनाचं शरीर आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम असतं आणि झुंजीत ते आणखी तापतं. तसाच डेकवर पडू दिला तर मांस फिकट आणि आंबूस होतं. तापलेल्या मासळीत हिस्टामाइन तयार होतं, आणि ते शिजवल्यानंही जात नाही. त्यानं माणसं आजारी पडतात. म्हणून लगेच मेंदूत टोचून मारायचा, छातीच्या परांमागे दोन्ही बाजूंना छेद देऊन आणि कल्ले कापून रक्त वाहू द्यायचं, आतडी काढायची आणि बर्फ व समुद्राचं पाणी यांच्या काल्यात पूर्ण बुडवायचा. नुसत्या बर्फावर ठेवलेला मासा वरून गार होतो आणि आत तापलेलाच राहतो. काला सगळीकडून भिडतो. बोटीवर पुरेसा बर्फ आहे का हे त्या फोनवरच्या प्रश्नांत घाला. माशाच्या वजनाइतका बर्फ हा माझा ठोकताळा. गाडीतही बर्फ भरलेली पेटी तयार ठेवा.

सामान थोडंच न्या: ध्रुवीकृत काचांचा चष्मा, दोरीनं बांधता येणारी टोपी, डाग न पाडणारे रबरी तळाचे बूट, पावसाळी जाकीट आणि पँट (उन्हाळ्यातही, पहाटे उडणारं पाणी गारठवतं), कोरडे कपडे, हातमोजे, भरपूर पाणी. सगळं मऊ पिशवीत. चाकांची बॅग डेकवर सगळ्यांच्या पायात येते.

तुम्हा चौघांसाठी म्हणून मी असं करेन: खोल पाणी जवळ असलेलं बंदर, फक्त चौघांची बोट, आठ ते दहा तास, मध्यम यलोफिन किंवा अल्बाकोरचा मोसम, दोन राखीव दिवस. ज्याला लागतं त्यानं औषध याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी घेऊन बघावं, आणि तोवर बाकीच्यांपैकी एकानं तीन कॅप्टनांना फोन करावेत.